उजवी टाच, डावा कोपरा

टाच दुखते म्हणून मला पहिलं इंजेक्शन मिळालं ते टाचेत नव्हतंच, कुल्ल्यात होतं. घाटकोपरला आमच्या चाळीखाली नाक्यावर जो डॉक्टर बसायचा त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच लाल इंजेक्शन होतं. थकवा आला, लाल. पाठ धरली, लाल. बायकांना चक्कर आली, तरी लालच. काचेची पिचकारी तो स्टोव्हवरच्या पातेल्यात उकळायचा आणि बोथट झालेली सुई दगडावर घासून पुन्हा वापरायचा, त्यामुळे ती आत जाताना कातडीला ओढून न्यायची. अशा पाच सुया मी खाल्ल्या. कुल्ल्यावर लिंबाएवढ्या दोन गाठी आल्या आणि टाच होती तशीच.

पाचव्या दिवशी मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, दुखतंय खाली आणि तुम्ही टोचताय वर."

"रक्तातून उतरतं ते खाली," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या टेबलावरचा सगळा ट्रे उचलला, बाहेर गेलो आणि गटारात पालथा केला. रांगेतली माणसं हसली. डॉक्टर हसला नाही, पण काही बोललाही नाही, कारण त्या वयात मी कसा दिसायचो ते मला ठाऊक आहे. मान, खांदे, मांड्या, सगळं मातीत घोळून तयार झालेलं. आज त्या माणसाची कीव येते. तेव्हा आली नाही. तेव्हा मला फक्त टाच दिसत होती.

सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं होती ती. वडील रत्नागिरीहून येऊन गिरणीत लागले होते. मला मात्र गिरणीत जायचं नव्हतं. मला कबड्डी यायची. चढाई यायची, म्हणजे दम धरून समोरच्या सात जणांत एकट्याने घुसायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषेवर परत यायचं. माझी खासियत मागची लाथ. समोर हात दाखवायचा, गडी हाताकडे बघत असताना वळायचं आणि उजवी टाच मागे फेकायची. समोरच्याला कळेपर्यंत तो बाद झालेला असायचा. त्या एका लाथेवर मला मुलुंडच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं.

काम म्हणजे टेंपररी. सहा महिने होत आले की ब्रेक द्यायचे, महिनाभर घरी बसवायचे आणि पुन्हा नव्याने घ्यायचे, म्हणजे माणूस कधी कायम होऊ नये. माझ्यासारखे शंभरभर असतील. पण कारखान्याचा कबड्डी संघ होता आणि आमच्या वेल्फेअर ऑफिसरने, ज्याला आम्ही साहेब म्हणायचो, सरळ सांगितलं होतं, "यंदा कारखान्यांची स्पर्धा जिंकून द्या. संघातले जे टेंपररी आहेत त्यांना मी कायम करून घेतो. वरून तसा शब्द आलाय." लग्न होऊन वर्ष झालेलं, दोनदा ब्रेक खाऊन झालेला. मला कायम व्हायचं होतं. दुसरं काहीही नको होतं, देवसुद्धा नको होता.

आणि नेमकी तेव्हाच टाच गेली. दिवसभर सिमेंटच्या लादीवर प्रेस मशीनपुढे आठ तास उभं, संध्याकाळी अनवाणी मैदानावर दोन तास, आणि सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खालून कुणीतरी खिळा ठोकतंय असं व्हायचं. पहिली वीस पावलं मी भिंतीला धरून चालायचो. मग जरा सैल पडायचं. पुन्हा बसून उठलो की पुन्हा खिळा. ज्याला हे झालेलं नाही त्याला वाटतं, टाच ती काय, तिथे दुखायला आहे तरी काय. मलाही आधी तसंच वाटायचं.

दुखण्याने माणूस शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांना मी भेटलेलो नाही. मी नालायक झालो. एका सकाळी उठलो, पहिलं पाऊल टाकलं आणि तेच पाऊल वाटेत ठेवलेल्या तांब्यावर पडलं. टाचच पडली. मी तो तांब्या उचलला आणि बायकोला फेकून मारला. कोपरावर बसला. ती ओरडली नाही, खाली बसली आणि कोपर दाबून धरून म्हणाली, "मारूचांच आसा तर त्या डॉक्टराक मारा. माका कित्याक?"

तिचा हात पंधरा दिवस काळानिळा होता. त्याच हाताने ती मला गरम पाण्यात मीठ घालून द्यायची, टाच बुडवायला. मला शरम वाटायची आणि शरम वाटली की आणखी राग यायचा. हे लिहितानाही ती आतल्या खोलीत आहे आणि मी काय लिहितोय हे तिला ठाऊक नाही.

दुसरं इंजेक्शन पांढरं. मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरने फोटो काढला, तो खिडकीच्या उजेडात धरला आणि हाडाला आलेलं टोक मला दाखवलं. मांजराच्या नखाएवढं होतं. मी म्हटलं, कापून टाका. तो म्हणाला, दुखतंय ते टोकाने नाही, तळपायाचा पट्टा टाचेला जिथे चिकटतो तिथे तो फाटत चाललाय. तरुण होता, घाईत नव्हता, नीट समजावत होता. मला त्यातलं एकच ऐकू आलं, की इंजेक्शन आहे आणि ते टाचेतच देतात.

मला पालथं झोपवलं. पोटऱ्यांवर एक वॉर्डबॉय बसवला. बाटली हलवली की औषध दुधासारखं गढूळ व्हायचं. टाचेच्या आतल्या बाजूने सुई घातली. टाचेचं कातडं म्हणजे बुटाचा तळ, आणि त्याखाली जागा अशी नाहीच. सुई हाडाला टेकलेली मला ऐकू आली. खरंच ऐकू आली, दातांत. मग औषध सोडायला सुरुवात केली आणि टाच आतून फुगायला लागली, आता फुटणार, आता फुटणार असं होत राहिलं. मी किंचाळलो. पोटऱ्यांवरचा वॉर्डबॉय कधी उडाला ते मला कळलंच नाही. दुसऱ्या पायाची लाथ त्याच्या छातीत बसली होती आणि तो औषधांच्या कपाटावर जाऊन पडला होता. काच फुटली. एवढं होऊनही डॉक्टरने सुई काढली नाही. "झालं, झालं, थोडंच राहिलं," म्हणत त्याने पिचकारी रिकामी केली. मी आजवर बरीच दांडगट माणसं पाहिली आहेत; तो किडकिडीत डॉक्टर त्यांतला एक.

दोन दिवस आग आग झाली. तिसऱ्या दिवशी उठलो आणि उभा राहिलो. खिळा नाही. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. नाहीच. मी बायकोला उचलून गरागरा फिरवलं आणि ती हसली, त्या कोपराच्या प्रकरणानंतर पहिल्यांदा.

पाच आठवडे टिकलं ते. डॉक्टरने तीन आठवडे खेळू नको म्हणून सांगितलं होतं, मी चौथ्या दिवशी मैदानात होतो. सहाव्या आठवड्यात खिळा परत आला, पहिल्यापेक्षा जाडा. पुन्हा गेलो, पुन्हा पांढरं घेतलं. या वेळी तीन आठवडेच पुरलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरने हात बांधून घेतले.

"आता देणार नाही. या औषधाने दुखणं दबतं, पण आतला पट्टा कुजतो. एक दिवस सटकन तुटेल."

"तुटू दे."

"हे बघ, तू काहीच केलं नाहीस, नुसता खेळ थांबवलास आणि बसून काम केलंस, तर वर्षभरात टाच आपोआप बरी होईल. बहुतेकांची होते."

"बसून काम कायम माणसाला मिळतं, डॉक्टरसाहेब."

"तुला पाय पाहिजे की नोकरी?"

"नोकरी," मी म्हटलं. त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली. त्याचं म्हणणं पुढे खरं ठरलं. वर्षभराने टाच बरी झाली, कुठल्याही सुईशिवाय. पण तेव्हा मला वर्ष नको होतं. उपांत्य सामना नऊ दिवसांवर होता.

त्या सामन्यात मला डावा कोपरा पुन्हा भेटणार होता. बचाव करणाऱ्या सात जणांत टोकाला जे दोघे उभे राहतात ते कोपरे. त्यांचं काम चढाई करणाऱ्याचा पाय धरायचं. मोसमाच्या सुरुवातीला साखळीत आम्ही एकदा माहुलकडच्या एका संघाकडून हरलो होतो, तोच संघ आता उपांत्य फेरीत समोर येणार होता, आणि त्यांचा डावा कोपरा माहुलचा कोळी होता. बुटका, काळा, रुंद पंजाचा. लहानपणापासून जाळी ओढून त्याची बोटं अशी झाली होती की एकदा बसली की सुटायची नाहीत. तोही माझ्यासारखाच टेंपररी, तेलाच्या टाक्यांवर ठेकेदाराकडे.

साखळीच्या सामन्यात त्याने माझी टाच ओळखली होती. दुखायला लागल्यापासून मागची लाथ फेकायच्या आधी माझा उजवा पाय नकळत थबकायचा. डोळ्याचं पातं लवेल इतकाच. माझ्या संघातल्या कुणाला ते दिसलं नव्हतं, त्याला दिसलं. पाय थबकला की तो खाली झेपावायचा आणि लाथ निघायच्या आत टाच धरायचा. आणि नुसती धरायचा नाही, अंगठा बरोबर त्या जागी रुतवायचा. त्या सामन्यात त्याने मला तीनदा तसा धरला. तिन्ही वेळा माझा दम किंचाळीत सुटला. प्रेक्षकांना वाटलं, काय बायकी गडी आहे. तिसऱ्यांदा सुटल्यावर मी त्याच्या मुस्काटात मारली. त्याने उलटी माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मला संध्याकाळपर्यंत शिट्टी ऐकू येत होती. मग दोन्ही संघ मैदानात उतरले, खुंट्या उपटल्या, दोर तुटला, आमच्या एकाचं डोकं फुटलं. शेवटी पंचांनी दोघांना हात मिळवायला लावले. त्याने माझा हात हातात घेतला आणि पायाकडे बघून म्हणाला, "दवा कर रे त्याचा. लय वंगाल दुखनं हाय." मला वाटलं टोमणा मारतोय.

साहेबाला टाचेचं सगळं ठाऊक होतं. उपांत्य सामन्याच्या दिवशी तो मला टॅक्सीत घालून अंधेरीला एका डॉक्टरकडे घेऊन गेला. या डॉक्टरच्या भिंतीवर पहिलवानांचे, फुटबॉलवाल्यांचे फोटो होते. बोलणं कमी. त्याने माझी टाच दाबलीसुद्धा नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला बोटाने एक नाडी शोधली आणि तिथे सुई घातली. हे तिसरं इंजेक्शन पाण्यासारखं होतं, रंग नाही, गढूळपणा नाही. मुंगी चावल्यासारखं झालं आणि संपलं. मी दात आवळून पडलो होतो, वॉर्डबॉयला मारायच्या तयारीत, आणि झालंसुद्धा.

"दोन-अडीच तास," डॉक्टर म्हणाला. "टाच गेली असं समज."

तिन्हींत हेच सगळ्यांत गोड. लाल इंजेक्शन नुसतंच खोटं होतं. पांढरं खरं होतं, पण त्याचं घेणंही खरं होतं. हे तिसरं काही घेतच नव्हतं. मी टेबलावरून उतरलो आणि टाच जमिनीवर आपटली. काहीच नाही. पुन्हा आपटली. पाय लादीवर पडला हे मला गुडघ्याकडून कळत होतं. मी हसत सुटलो. साहेबही हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आज फाडून टाक त्यांना."

कांदिवलीच्या मैदानावर सामना. माती लाल, नुकतंच पाणी मारलेली, फक्कीच्या रेषा ताज्या. मी त्या दिवशी खेळलो तसा आयुष्यात कधी खेळलो नव्हतो. पूर्वार्धात मी हाताने गुण घेतले, मागची लाथ काढलीच नाही. डावा कोपरा वाट बघत होता. मी दर वेळी त्याच्यासमोर जायचो, उजवा पाय पुढे-मागे करायचो आणि परत यायचो. तो खाली वाकून उजव्या पायाकडे बघत बसायचा, कधी थबकतोय याची.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी. माझी चढाई. दोराबाहेर साहेब उभा होता आणि त्याच्या मागे आमच्या प्रेस खात्यातले सगळे. मी दम धरला, आत गेलो, डाव्या कोपऱ्याकडे पाठ केली आणि लाथ फेकली.

पाय थबकला नाही. कशाला थबकेल, त्या पायाला काही ठाऊकच नव्हतं. त्याने मात्र आपला सवयीचा हिशोब केला होता, थबकण्याएवढा वेळ धरून तो खाली झेपावला होता, तोंड पुढे काढून. त्यांचा मधला गडीही त्याच वेळी मदतीला आडवा पडला. मागे काहीतरी कडकन वाजलं. मी दम न तोडता मध्यरेषा गाठली. मागे वळून बघितलं तर दोघं एकमेकांवर पडलेले आणि डाव्या कोपऱ्याच्या तोंडाखालची माती काळी होत चाललेली.

गोंधळ सुरू झाला. आमचे म्हणाले, लाथ लागली, गडी बाद. त्यांचा कप्तान म्हणाला, कुठली लाथ, आमच्याच गड्याचा गुडघा लागला त्याला. पंचांना दोघांच्या अंगांमुळे काही दिसलं नव्हतं. तेव्हा आमच्या कबड्डीत एक रीत होती. पंचाला दिसलं नाही तर तो गड्यालाच विचारायचा, आणि गडी मातीवर उभा राहून खोटं बोलायचा नाही. बाहेर चोऱ्यामाऱ्या करणारे गडीसुद्धा तिथे खोटं बोलत नसत.

पंच माझ्याजवळ आले. "शिवलास त्याला?"

मी आठवून बघितलं. पायाला काही लागल्याची खूण नव्हती, ना टाचेला, ना तळव्याला. काहीच नव्हतं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "नाही शिवलो."

आमचा कप्तान मला आईवरून शिवी देऊन माझ्या अंगावर धावला. साहेबाचं तोंड पांढरं पडलं. माझं कायम होणं मी माझ्याच तोंडाने घालवलं होतं, आणि गंमत अशी की मी खरं बोललोय असंच मला वाटत होतं. आयुष्यात एवढा प्रामाणिक मी पुन्हा कधी झालो नाही.

तेवढ्यात डावा कोपरा उठला. गुडघ्यावर आला, मग उभा राहिला. खालचा जबडा एका बाजूला गेला होता आणि तोंडातून रक्ताची लाळ छातीवर उतरत होती. त्याने पंचांकडे बघितलं, उजवा हात वर केला आणि मैदानाबाहेर चालत गेला. आपण बाद आहोत हे गड्याने स्वतः सांगायची खूण ती. त्याचा कप्तान ओरडत राहिला. रेषेबाहेर गेल्यावर तो पडला.

आम्ही एका गुणाने जिंकलो. मला खांद्यावर घेतलं. खाली उतरवल्यावर नळावर पाय धुवायला गेलो तर टाचेला काहीतरी खडबडीत लागलं, हाताला, टाचेला नव्हे. टाचेत दाताचा तुकडा रुतला होता. पुढच्या दाताचा, अर्धा. मी तो नखाने काढला. भोक पडलं, त्यातून रक्त आलं, आणि मला काही म्हणजे काही जाणवलं नाही. मी तिथेच ओकलो.

चारेक दिवसांनी टाच पिकली. माणसाच्या दाताची जखम लवकर चिघळते असं इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं, पेनिसिलिनची सुई रोज दुपारी, आठ दिवस. अंतिम सामना मी बाकावर बसून बघितला. आम्ही तोही जिंकलो. साहेबाने शब्द पाळला. पहिल्या तारखेला मी कागदावर सही केली आणि कायम झालो. बायकोने चाळीत सगळ्यांना करंज्या वाटल्या.

त्या डाव्या कोपऱ्यासाठी मी साहेबाकडे शब्द टाकून बघितला. त्याला ठेकेदाराने ब्रेक दिला, तोही कायमचाच, असं ऐकू आलं होतं. साहेब म्हणाला, "अरे, आपल्याकडे कोपरे आहेत की. आणि त्याचं तोंड कधी भरून येणार?" मला साहेबाचाही जबडा मोडावासा वाटला. मोडला नाही, कारण मी कायम होतो. कायम माणसाच्या हाताला एक शिस्त येते.

कायम झाल्यावर तिसऱ्या रविवारी मी माहुलला गेलो. रिफायनरीचा धूर, सुकत घातलेले बोंबील, आणि दोघांचा मिळून एक वास. घर सापडलं. दारात त्याची आई बसली होती, कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत.

"कोन पायजे?"

मी सांगितलं कोण ते. म्हातारी दगड उचलेल असं मला वाटलं आणि खरं तर तशी मी तयारी करून गेलो होतो. मारलं असतं तर मार खाऊन परत आलो असतो. ती उठली आणि म्हणाली, "ये आत. बोलाचा नाय तो. डाक्तरनी तोंड तारंनी बांधलंय."

तो आत भिंतीला टेकून बसला होता. निम्मा झाला होता. पुढ्यात थाळीत पाणी आणि त्यात कुस्करलेली तांदळाची भाकरी. तारांच्या फटीतून ते पाणी तो चमच्याने आत सोडत होता. मला बघून त्याने डोळ्यांनीच बस म्हटलं. जवळ एक शाळेची पाटी होती.

"तुजी तारीफच केलीन त्यानं," म्हातारी म्हणाली. "इस्पितलात पाटीवर लिवलान. लिवलान का लय चांगला खेळला. त्याची टाच बरी झाली वाटतं, लिवलान."

घरी जावं असं वाटलं. तिथे गप्प बसलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याचे ते डोळे खरोखरच विचारत होते, बरी आहे ना टाच, आणि मला ते सोसेना. मी सांगून टाकलं. टाच बरी झाली नव्हती. अंधेरीला सुई घेतली होती. टाच मेलेली होती, म्हणून थबकली नाही, म्हणून तुला कळलं नाही, आणि मलाही कळलं नाही तुला लागलं ते. मी मैदानात खोटं बोललो नाही रे, एवढं तरी मान. मी रडत होतो. रडायचा मला तिटकारा आहे, पण रडत होतो.

चमचा थाळीत ठेवून तो पुढे सरकला. माझा उजवा पाय त्याने दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतला, पट्टी सोडली, जखम सुकलीय हे बघितलं, आणि तिच्या बाजूला बरोबर त्या जागी अंगठा रुतवला.

त्याने सगळी ताकद लावली. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, तारांमागे दात करकरले, त्यालाही तेवढंच दुखत असणार. माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. मी हाताने चटई धरली. पाय ओढून घेता आला असता, दुसऱ्या पायाने त्याच्या छातीत मारता आलं असतं, मी त्याच्या दुप्पट होतो त्या दिवशी. मी पाय दिला. किंचाळलो तेव्हा म्हातारी धावत आली आणि त्याच्या खांद्यावर थापटत ओरडली, "सोड रं, सोड त्याला!" तरी त्याने सोडला नाही. मोजली नाहीत, पण बरीच मिनिटं धरली असेल टाच. मग बोटं आपोआप सैल झाली.

त्याने पाटी घेतली. अक्षर वाईट होतं. त्याने लिहिलं, "आधी कळला असता तर हात वर केला नसता."

मी वाचलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "काय लिवलास रं?" त्याने पाटी तळहाताने पुसली आणि तिला खुणेने मला चहा द्यायला सांगितलं.

ती आत गेली, स्टोव्ह पेटवला, चहा घेऊन आली. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी चहा प्यालो. सोमवारी पहिल्या पाळीला कामावर गेलो आणि पुढे रिटायर होईपर्यंत जात राहिलो.